सनोरा बॅबचं नाव पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत दुष्काळ आणि साहित्य असा जो मोठा लेख आला होता त्यावर हे पत्र लिहायलेय. लेख चांगला होता, अर्धं पान जॉन स्टाईनबेक ह्या अमेरिकन लेखकावर होतं, १९३० नंतरच्या तिकडच्या दुष्काळावरची त्याची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी, ओक्लाहोमातनं गाडीवर संसार लादून कॅलिफोर्नियाला निघालेली ती माणसं, ते सगळं वाचून आमच्या स्टाफरूममध्ये पण चर्चा झाली, कारण आमच्या तालुक्यात दसरा झाला की ऊसतोडीसाठी असेच संसार ट्रकवर चढतात. पण त्याच गोष्टीत, त्याच काळात, त्याच मजुरांच्या छावण्यांमध्ये एक बाई पण होती, वही घेऊन फिरत होती, तिनं पण कादंबरी लिहिली होती आणि ती पासष्ट वर्ष छापली गेली नाही. तिचं नाव लेखात कुठंच नाही. सनोरा बॅब. कादंबरीकार पण आणि पत्रकार पण. म्हणून म्हणलं आपणच लिहावं, जागा लागेल थोडी जास्त, पण कृपा करून कापू नका.

सनोराचा जन्म १९०७ चा, ओक्लाहोमातला, तेव्हा ते राज्य पण झालं नव्हतं, टेरिटरी म्हणायचे. ओटो नावाच्या आदिवासी लोकांच्या वस्तीजवळ तिचं लहानपण गेलं. बाप बेकरी चालवायचा पण खरा धंदा जुगार. मग ती सहा-सात वर्षांची असताना बापानं सगळ्यांना उचललं आणि कोलोरॅडोच्या पूर्वेकडच्या उघड्या माळावर नेलं, तिथं तिच्या आजोबानं जमीन धरली होती. घर म्हणजे जमिनीत खणून केलेली एकच खोली, अर्धी जमिनीखाली, वर छप्पर. पीक कोणतं, तर झाडू करायची ज्वारी. हे मला वाचून लई नवल वाटलं, ज्वारीचीच जात ती, दाण्यासाठी नाही तर तुऱ्यासाठी लावायची आणि त्याचे झाडू बांधायचे. पाऊस बेभरवशाचा, प्यायचं पाणी लांबून आणायचं, पीक गेलं की वर्ष गेलं. आपल्या बालाघाटावरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

शाळा नव्हतीच. खोलीच्या भिंतीला जुने पेपर चिकटवले होते, ओल आणि माती गळू नये म्हणून, आणि ती पोरगी त्या भिंतीवरच्या पेपरवरनं वाचायला शिकली. घरात पुस्तक म्हणायला किट कार्सन नावाच्या वाटाड्याच्या पराक्रमाचं एक, तेच परत परत वाचायचं. पहिल्यांदा शाळेत गेली ती अकराव्या वर्षी. आणि शाळा संपली तेव्हा वर्गात पहिली! संपादक साहेब, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, उशिरा आलेल्या लेकराला काय काय भरून काढावं लागतं ते मी रोज बघते, त्यामुळं ही गोष्ट मला कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

पुढं कॅन्सस विद्यापीठात एक वर्ष झालं, मग पैसे संपले, मग लहान कॉलेज. कॅन्ससमधल्या गार्डन सिटी नावाच्या गावात तिथल्या पेपरात ती बातमीदार झाली. १९२९ ला लॉस एंजेलिसला गेली, तिथल्या मोठ्या पेपरात नोकरी मिळणार होती, तेवढ्यात शेअर बाजार कोसळला आणि नोकरी गेली, मिळायच्या आधीच गेली. राहायला जागा नाही म्हणून काही रात्री तिनं लाफायेट पार्क नावाच्या बागेत काढल्या. मग वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीत सेक्रेटरीचं काम, रेडिओसाठी स्क्रिप्ट लिहिणं, मिळेल ते. बाजूला गोष्टी लिहायची, डाव्या विचारांच्या मासिकांमध्ये रिपोर्ट द्यायची. कम्युनिस्ट पक्षात पण होती बरीच वर्ष, १९३६ ला रशिया बघून आली. त्याबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, पण शेतमजुरांकडं कुणी बघत नव्हतं त्या काळात ती त्यांच्याकडं बघत होती एवढं मात्र खरं.

आता मुख्य गोष्ट. तिकडचा तो दुष्काळ नुसता पाऊस नाही म्हणून पडला नव्हता. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, मग ट्रॅक्टर आले, आणि शेकडो वर्षांचं गवताळ रान लोकांनी नांगरून काढलं. गवत माती धरून ठेवायचं, ते गेलं. १९३० नंतर भाव पडले आणि पाऊस पण गेला, एक वर्ष नाही, लागोपाठ. मोकळी झालेली माती वाऱ्यानं उचलली. १४ एप्रिल १९३५ चं वादळ तिथले लोक 'काळा रविवार' म्हणून ओळखतात, भरदिवसा अंधार झाला होता. धूळ छातीत जाऊन माणसं मेली, त्याला धुळीचा न्यूमोनिया म्हणायचे. सनोराची आई तेव्हा तिकडंच होती, तिनं ह्या वादळांच्या दिवसागणिक नोंदी लिहून लेकीला पाठवल्या. मला हे महत्त्वाचं वाटतं की जिनं आयुष्यभर ती जमीन बघितली त्या बाईनं स्वतःच्या हातानं, आज धूळ किती, उद्या किती, दाराच्या फटीत काय कोंबलं, असं लिहिलं आणि ते पुढं लेकीच्या कादंबरीत गेलं.

लाखो माणसं घरदार सोडून निघाली. बरीचशी कॅलिफोर्नियाला गेली कारण तिथं कापूस वेचायला, फळं तोडायला, मटार काढायला मजूर लागायचे. आणि तिथं काय झालं, तर जेवढे मजूर लागतात त्याच्या कितीतरी जास्त आले, मग मजुरी पाडली, हा नाही म्हणाला तर मागं दहा उभे. पाटाच्या कडेला पालं, घाण पाणी, लेकरं आजारी, आणि शेतमालकाच्याच दुकानातनं उधारीवर किराणा. सरकारनं, म्हणजे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या खात्यानं, काही छावण्या बांधल्या. तिथं नळ, संडास, अंघोळीची सोय, लेकरांना सांभाळायची जागा आणि छावणीचा कारभार मजुरांनी निवडलेली समिती बघायची. ह्या छावण्या उभ्या करणारा माणूस टॉम कॉलिन्स. १९३८ मध्ये सनोरा ह्या कॉलिन्सबरोबर काम करायला गेली. शेताशेतानं, पाटाच्या कडेकडेनं फिरायचं, पालात बसायचं, सांगायचं की छावणी आहे, डॉक्टर आहे, मदत कशी मागायची, आणि रात्री आल्यावर सगळं वहीत लिहायचं. कोण कुठनं आलं, काय खाल्लं, किती दिवस काम नाही, कोणती बाई बाळंत झाली आणि कशी. तिची बहीण डोरोथी फोटो काढायची.

कॉलिन्सनं तिला सांगितलं की ह्या नोंदी स्टाईनबेकला दे, तो पण यावर लिहायलाय. तिनं दिल्या. वाटलं की चांगल्या कामाला येतील.

स्टाईनबेकवर मी आरोप करत नाही. तो स्वतः १९३६ पासून त्या मजुरांमध्ये फिरत होता, 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'मध्ये त्यानं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सात लेखांची मालिका लिहिली, ती सॉलिड रिपोर्टिंग आहे. तरुणपणी त्यानं साखर कारखान्याच्या बीटच्या शेतात मजुरी केलेली होती. 'ग्रेप्स ऑफ रॅथ' आल्यावर शेतमालकांनी त्याला शिव्या घातल्या, कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीत पुस्तकावर बंदी घातली, जाळलं पण. त्याला १९४० ला पुलित्झर मिळालं, १९६२ ला नोबेल, मिळायलाच पाहिजे होतं. आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत त्यानं त्याची बायको कॅरल आणि टॉम कॉलिन्स ह्या दोघांना मान दिला. सनोराच्या नोंदी किती वापरल्या यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण त्या गेल्या होत्या, आणि तिचं नाव त्या पुस्तकात नाही, ह्यात वाद नाही.

आता तिच्या स्वतःच्या कादंबरीचं ऐका. त्याच नोंदींवरनं ती पण लिहीत होती. तिनं काही प्रकरणं न्यूयॉर्कला रँडम हाऊस या मोठ्या प्रकाशनाकडं पाठवली, तिथले बेनेट सर्फ यांना ती लई आवडली, पुस्तक काढायचं ठरलं. तेवढ्यात १४ एप्रिल १९३९ ला 'ग्रेप्स ऑफ रॅथ' बाजारात आलं आणि अख्ख्या देशात तेच एक पुस्तक झालं. सनोराची पूर्ण कादंबरी तयार झाली तेव्हा सर्फ यांनी कळवलं की लिखाण चांगलं आहे, पण ह्याच विषयावर आता दुसरं पुस्तक काढलं तर ते फिकं पडेल. दुसऱ्या प्रकाशकांनीही नाही म्हणलं. म्हणजे अख्ख्या शिवारात एकाच विहिरीला परवानगी, दुसऱ्यानं खणायचीच नाही! लाखो माणसं उठून गेली त्या दुष्काळावर दोन कादंबऱ्या का चालू नयेत? लढाईवर शेकड्यानं कादंबऱ्या निघतात, प्रेमावर तर मोजणीच नाही, मग मजुरांच्या दुःखावर एक झाली की कोटा संपला असं कसं?

ती कादंबरी, 'हूज नेम्स आर अननोन', शेवटी २००४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढली. सनोरा तेव्हा सत्त्याण्णव वर्षांची होती. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला ती गेली. ज्यांच्यावर लिहिलं होतं त्यातली बहुतेक माणसं हे पुस्तक बघायला नव्हती. जमिनीवरनं हुसकावण्याची नोटीस यायची त्यात मजुराचं खरं नाव माहीत नसलं की 'ज्यांची खरी नावं माहीत नाहीत असे' म्हणून लिहायचे, त्या नोटिशीतले शब्द तिनं पुस्तकाला दिले.

मी ती मोबाईलवर इंग्रजीतनं वाचली, डिक्शनरी बघत बघत, वेळ लागला पण वाचली. आणि दोन्ही पुस्तकं वाचल्यावर फरक कळतो, तो लेखात यायला पाहिजे होता. स्टाईनबेकच्या कादंबरीतलं 'जोड' आडनावाचं कुटुंब सॅलिसॉ या गावचं दाखवलंय, ते ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला आहे, धुळीची खरी वादळं झाली ती पश्चिमेच्या चिंचोळ्या पट्ट्यात. म्हणजे परभणीचा दुष्काळ लिहायचा आणि गाव कोकणाजवळचं घ्यायचं असं काहीसं झालं. त्याची गोष्ट सुरू होते तेव्हा घर सुटतच आलेलं असतं आणि मग प्रवास, प्रवास. सनोराची कादंबरी अर्धी अधिक गावातच आहे. मिल्ट डन आणि ज्युलिया डन, नवराबायको, दोन पोरी आणि म्हातारा. ते जायचं ठरवत नाहीत, ते टिकायला बघतात. ह्या वर्षी पेरू, पुढच्या वर्षी बघू, उधारी कुणाकडं मागायची, दुकानदार तोंड कसं करतो, गाय विकायची का नाही. ज्युलियाच्या पोटातलं लेकरू जातं, आणि ते लिहिताना ती रडारड करत नाही, बाई काय करते ते सांगते, पाणी कुठं तापवलं, कोण जवळ होतं, दुसऱ्या दिवशी स्वयंपाक कोणी केला. आणि धूळ कशी येते हे मी आतापर्यंत वाचलेल्यात सगळ्यात खरं तिथं आहे, कारण ते तिच्या आईच्या नोंदीतनं आलंय. कॅलिफोर्नियात गेल्यावर मजुरांमध्ये काळा माणूस आहे, वेगवेगळ्या भाषांची माणसं आहेत, संप होतो, आणि संपात बायका उभ्या राहतात.

कोणती कादंबरी भारी असं मी म्हणत नाही. स्टाईनबेकच्या भाषेत जे बळ आहे ते आहेच, त्याची मधली छोटी प्रकरणं, ट्रॅक्टर येऊन घर पाडतो ते, ती विसरता येत नाहीत. पण दुष्काळात वाढलेल्या माणसाला दुष्काळ वेगळा दिसतो. त्याला माहीत असतं की दुष्काळ एका दिवशी येत नाही, तो आधी किराण्याच्या वहीत येतो.

तिचं बाकीचं आयुष्य पण सोपं नव्हतं, थोडक्यात सांगते. जेम्स वाँग हाऊ म्हणून चिनी वंशाचा मोठा सिनेमॅटोग्राफर होता हॉलिवूडमध्ये, पुढं दोन ऑस्कर मिळालेला माणूस, त्याच्याशी तिनं १९३७ ला पॅरिसमध्ये लग्न केलं. का पॅरिसला, तर कॅलिफोर्नियात गोऱ्या बाईनं चिनी माणसाशी लग्न करणं कायद्यात बसत नव्हतं. १९४८ पर्यंत तो कायदा होता, तोपर्यंत हे लग्न त्यांच्या स्वतःच्या राज्यात लग्न धरलं जात नव्हतं. त्याचं एक चायनीज हॉटेल होतं ते ती चालवायची. मग कम्युनिस्टांना शोधून काढायची ती वर्ष आली, मॅकार्थी नावाच्या सिनेटरची, तिच्यामुळं नवऱ्याचं काम जाऊ नये म्हणून ती मेक्सिको सिटीला जाऊन राहिली. लिहिणं थांबवलं नाही. १९५८ ला 'द लॉस्ट ट्रॅव्हलर' आली, त्यात तिच्या जुगारी बापाची छाया आहे, १९७० ला 'ॲन आउल ऑन एव्हरी पोस्ट' हे लहानपणावरचं, जमिनीतल्या त्या खोलीतलं, आणि माझ्या मते हे सगळ्यात आधी मराठीत यायला पाहिजे, आपल्या लेकरांना वाचून दाखवण्यासारखं आहे. १९७६ ला हाऊ गेला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्ष ती एकटी होती आणि ती जुनी हस्तलिखितं जपून होती. आता आता लोक तिच्याकडं बघायलेत, केन बर्न्स ह्या दिग्दर्शकाच्या त्या दुष्काळावरच्या २०१२ च्या डॉक्युमेंटरीत तिचे शब्द आले, बहिणीचे फोटो आणि तिच्या नोंदी मिळून पुस्तक निघालं, २०२४ ला चरित्र पण आलं. चांगलं आहे, पण उशीर झाला.

आता संपादक साहेब, मी हे सगळं का लिहिलं ते सांगते. आमचा तालुका धारूर. दिवाळी झाली की माझ्या वर्गातले बेंच रिकामे होतात. मायबाप कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जातात, नवराबायको मिळून एक कोयता, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात ते फेडायचे, मग कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, कर्नाटक, जिथं टोळी जाईल तिथं. आम्ही लेकरांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतो, हंगामी वसतिगृहात थांबवायला बघतो, आजी असेल घरी तर थांबतात, नाही तर जातात. फडावर पहाटे मायबाप तोडायला गेले की मोठी पोरगी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत लहान भावाला सांभाळते. येताना ती पोरं हिशोब शिकून येतात, मोळी किती, टन किती, वाढं, म्हणजे उसाचा शेंड्याकडचा चारा, किती रुपयाला गेलं, एक दिवस खाडा झाला तर किती कापतात. हा हिशोब त्यांना मी शिकवलेला नाही.

२०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याची बातमी देशभर गाजली. शासनानं समिती नेमली, पाहणी झाली, तेरा हजारांवर बायकांचं ऑपरेशन झाल्याचं पुढं आलं. तेव्हा आमच्याकडं लई गाड्या आल्या. पुण्याचे, मुंबईचे, दिल्लीचे, परदेशातले पण. त्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही, आले म्हणून तर समिती झाली. पण त्यांना गावोगाव कोण घेऊन गेलं? इथला तालुक्याचा बातमीदार, अंगणवाडीतली ताई, आशा वर्कर, एखादी कॉलेजची पोरगी जिची माय स्वतः त्या यादीत आहे. त्यांनी घरं दाखवली, बायकांना बोलतं केलं, पदराआड जे सांगितलं ते समजावून सांगितलं. पुढं मोठमोठे लेख आले, डॉक्युमेंटरी आल्या, काहींना बक्षिसं पण मिळाली असतील, मिळू द्या. ह्या माणसांचं नाव कुठं आलं? मी शोधलं, मला तरी एखाददुसरं सोडून दिसलं नाही.

आणि हे फक्त बाहेरच्यांचं नाही. आपल्या मराठी पेपरात पण तालुक्याची बातमी 'वार्ताहर' म्हणून जाते. चारा छावणीत उन्हात दिवसभर उभा राहून जनावरं मोजणारा माणूस, टँकरच्या फेऱ्यांचा खोटा हिशोब उघडा पाडणारा माणूस, त्याच्या नावानं काही नाही, आणि महिन्याच्या शेवटी मिळतं काय तर जाहिरातीचं कमिशन. माझ्या ओळखीत एक असा बातमीदार आहे, किती तरी वर्षांच्या डायऱ्या त्याच्याकडं आहेत, दुष्काळाच्या प्रत्येक उन्हाळ्याच्या, कोणत्या वाडीत कधी टँकर सुरू झाला, कोणत्या विहिरीवर भांडण झालं, कोणाची पोरगी शेंदायला गेली आणि पडली. एका मोठ्या शहरातल्या लेखकानं त्यातल्या काही वाचायला म्हणून नेल्या. पुस्तक आलं. आभाराच्या पानावर 'स्थानिक मित्र' एवढंच आहे. बातमीदार काही बोलला नाही, म्हणाला जाऊ द्या मॅडम, विषय तर आला ना बाहेर. सनोरानं पण असंच काहीतरी मनात म्हणलं असेल का, वही देताना, हे मला सारखं वाटतं.

विषय बाहेर आला पाहिजे हे बरोबरच आहे. पण ज्यानं तो सोसला, लिहून ठेवला, त्याचं नाव त्याच्याबरोबर बाहेर येण्यात अडचण काय आहे? स्टाईनबेकला एक ओळ जास्त लिहायला काहीच लागलं नसतं. रँडम हाऊसला वर्षभर थांबून तिचं पुस्तक काढता आलं असतं, सर्फ यांना लिखाण आवडलेलंच होतं. तेवढ्यानं एका बाईची पासष्ट वर्ष वाचली असती. आणि वाचकांचं पण नुकसान झालं, कारण पासष्ट वर्ष जगानं तो दुष्काळ एकाच माणसाच्या डोळ्यानं बघितला.

आपल्याकडं आता बदल होतोय म्हणून घाई आहे. हार्वेस्टर आलेत, फडावरचं काम कमी व्हायलंय, दहा-पंधरा वर्षांनी कोयता, कोपी, टायरची बैलगाडी, हे सगळं राहील का नाही सांगता येत नाही. ज्या पोरी आज अंबाजोगाईला, बीडला, संभाजीनगरला कॉलेजात आहेत आणि ज्यांचं अर्ध बालपण कोपीत गेलं, ती शेवटची पिढी असू शकते जिला हे आतनं माहीत आहे. त्यातल्या काही लिहितात, मला माहीत आहे, मला पाठवतात व्हॉट्सॲपवर. शुद्धलेखन सरळ नाही, पण एकीनं लिहिलंय की थंडीत पहाटे तीनला मायनं उठवलं की आधी हात चुलीवर धरायचे कारण उसाच्या पाचटानं कापलेल्या बोटांना पाणी लागलं की आग होते. हे बाहेरनं आलेला माणूस कितीही हुशार असला तरी विचारणार नाही, कारण काय विचारायचं तेच त्याला माहीत नसणार.

तर माझी मागणी एवढीच आहे. पुरवणीत सनोरा बॅबवर एक लेख द्या, स्टाईनबेकला दिली तेवढीच जागा द्या, कुणी इंग्रजीच्या प्राध्यापकानं लिहिला तर माझ्या पत्रापेक्षा चांगला होईल. तिच्या लहानपणीच्या पुस्तकाचं भाषांतर करायला मराठवाड्यातल्या कुणा प्रकाशकानं पुढं यावं असं आपण छापा, हक्कांचं काय ते त्यांनी बघावं. दुसरं, ह्या गळीत हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, आठवड्यातनं एक दिवस चौथाई पान ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या स्वतःच्या लिखाणाला द्या. कुणी मुलाखत घेऊन लिहू नका, त्यांनाच लिहू द्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलावं आणि पोरींनी उतरवून घ्यावं, आणि दोघींची नावं टाका, सांगणारीचं पण आणि लिहिणारीचं पण. जिला मुकादमाची भीती वाटते तिचं नाव तिला विचारून वगळा, पण ते तिनं ठरवावं, डेस्कनं नाही. मानधन थोडं का होईना द्या. आणि तालुक्याच्या बातमीदाराच्या बातमीवर त्याचं नाव द्यायला आजपासून सुरुवात करता आली तर बघा.

लिखाण गोळा करायचं काम आम्ही काही शिक्षक मिळून करू. धारूर, वडवणी, केज इकडच्या शाळांमध्ये ओळखी आहेत, पाटोदा आणि शिरूरकडं पण विचारू. टाईप करून पाठवू, भाषा मात्र सुधारू नका, जशी आहे तशी राहू द्या, फक्त समजत नसेल तिथं फोन करा. पहिले तीन-चार लेख दिवाळीच्या आधी पाठवू शकतो, टोळ्या निघायच्या आत, म्हणजे ज्यांनी लिहिलंय त्यांना पेपर हातात घेऊन बघता येईल. किती शब्दांपर्यंत पाहिजे आणि कुठल्या नंबरवर पाठवायचं ते कळवा.

आपली,
एक वाचक आणि जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका
तालुका धारूर, जिल्हा बीड